आपल्याच पावसाचे परके घर

अरबस्तानात म्हणे भिजायला जायचे! गेल्या ऑगस्टमध्ये धाकट्या भावाने ओमानमधल्या सलालाला बोलावले, तेव्हा मी छत्री घेतलीच नाही. भावजयीने त्यावरून आठ दिवस माझी थट्टा केली.

सलाला हे धोफार प्रांतातले. पाऊस वर्षाकाठी शंभर मिलिमीटरच्या आसपास. पण आपलाच नैर्ऋत्य वारा जूनअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत इथल्या थंड समुद्रावरून येतो आणि डोंगरांना अडून त्याचे दाट धुके होते. या दिवसांना तिथे ‘खरीफ’ म्हणतात. अरबीत खरीफ म्हणजे शरद. आपण त्याचे पीक केले! मराठीच्या मास्तराला एवढे सापडले तरी प्रवासखर्च वसूल.

उतारावर एका झाडाखाली थांबलो. बाहेर पाऊस नव्हता, झाडाखाली मात्र टपटप चालू होती. पाने धुके गाळून मुळांना पाणी पाजत होती. हा धोफारचा धावडा, आपल्या सह्याद्रीतल्या धावड्याचा भाऊबंद. धोफार आणि लगतचा येमेन सोडला, तर तो जगात कुठे आढळत नाही. ओमानमध्ये वनस्पतींच्या सुमारे १२०० जाती आहेत. त्यांतल्या निम्म्याहून अधिक एकट्या धोफारात. मिलर आणि मॉरिस यांनी १९८८ साली त्यांवर मोठा ग्रंथच काढला.

माथा ओलांडला आणि धुके मागे राहिले. हिरवळ संपली, ऊन रणरणू लागले. तिथे खडकाळ ओढ्यांत लोबानाची झाडे. ही आपल्या सातपुड्यातल्या सालईची बहीण. धुक्यापेक्षा कोरडा वारा तिला मानवतो. खोड तासले की दुधासारखा चीक येतो, वाळून त्याचे खडे होतात. पहिल्या तासणीचा माल हलका, पुढचा चांगला.

परतताना उंटांचा कळप भेटला. माना उंचावून ते धावड्याच्या डहाळ्या ओरबाडत होते. मी हौसेने फोटो काढू लागलो.

“काढ, दादा,” भाऊ म्हणाला, “पण हेच इथले दुखणे आहे.”

पाने गेली की धुके गाळणार कोण? पाणी घटते, रोपे तगत नाहीत; तगली तर तीही उंटाच्या तोंडी जातात. एकदा गेलेले हे जंगल आपण होऊन परत येईलच असे नाही, असा अभ्यासकांचा इशारा आहे. डोंगरातल्या माणसाला तरी काय सांगावे? उंट ही त्याची घरची दौलत.

रात्री भावजयीने लोबान जाळला. सकाळी पुन्हा धावड्याखाली जायचे ठरले. या वेळी भावाची छत्री मी आधीच दाराशी आणून ठेवली.