तबकडीवरील छाप आणि तिची नोंद

ग्रामोफोनची तबकडी हातांत आली म्हणजे पाहणाराची दृष्टि प्रथम गायकाच्या नांवाकडे जाते, मग रागाकडे किंवा नाटकाकडे. मध्यावरील गोल कागदी चकतीवर सर्वांत ठळक अक्षरांनीं जें नांव छापलेलें असतें, त्याकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. तें नांव म्हणजे त्या तबकडीची छाप. काडेपेटीवर अगर कापडाच्या ताग्यावर जशी छाप असते, तशीच ही. माल ओळखण्याची ती खूण आहे. मालकाचें नांव तें नव्हे. या दोहोंतला भेद वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. परंतु जुन्या संगीताची यादी करावयास बसणारास पहिली ठेंच येथेंच लागते.

एका तबकडीशीं निदान चार पक्षांचा संबंध असूं शकतो. पहिला पक्ष म्हणजे जिच्या नांवानें ती बाजारांत आली ती छाप. दुसरा, त्या छापेची मालक असलेली कंपनी. तिसरा, ज्यानें तबकडी प्रत्यक्ष दाबून काढली तो कारखाना. आणि चौथा, ती विकणारा मुख्य अडत्या. हे चारही कधीं एकच असतात, तर कधीं निरनिराळ्या देशांत विखुरलेले असतात. यादी करणारानें हीं चार नांवें चार खणांत न ठेवतां एकाच खणांत कोंबलीं, तर पुढच्या अभ्यासकाला त्यांतून इतिहास काढतां येत नाहीं.

आपल्याकडील सर्वांत परिचित उदाहरण कुत्र्याच्या चित्राचें. लंडनच्या कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग १९०२ सालीं कलकत्त्यास आला व त्यानें गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें. त्या वेळीं कंपनीचें नांव 'ग्रामोफोन अँड टाइपरायटर' असें होतें, आणि तबकडीवर पिसाच्या लेखणीनें लिहिणाऱ्या देवदूताचें चित्र असे. तबकड्या तयार होत त्या जर्मनींतील हॅनोव्हर येथें. १९०७ सालीं 'टाइपरायटर' हा शब्द नांवांतून गळला. १९०८ सालीं कलकत्त्यांत सियालदह येथें कारखाना निघाला. पुढें देवदूत जाऊन कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा आला, आणि 'हिज मास्टर्स व्हॉइस' हें नांव घरोघर झालें. २००० सालीं भारतांतील कंपनीनें 'सारेगामा' हें नांव धारण केलें. म्हणून १९३० च्या सुमाराच्या तबकडीची छाप 'सारेगामा' अशी लिहिणें चूक होय. व्यवसायाचा वारसा तोच असला, तरी तबकडी निघाली त्या दिवशीं तिच्यावर जें नांव होतें तेंच छापेच्या खणांत गेलें पाहिजे. कंपनीचें नामांतर हा निराळ्या खणाचा विषय आहे.

ओडियन छापेची कथा याहून बोधप्रद आहे. ही छाप मूळची बर्लिनची. तबकडीच्या दोन्ही बाजूंस गाणें भरण्याची युक्ति बाजारांत रूढ करण्यांत तिचा पुढाकार होता. तिचे ध्वनिमुद्रक १९०६ च्या अखेरीस हिंदुस्थानांत आले आणि कलकत्ता, काशी, लखनौ, दिल्ली, अमृतसर, लाहोर, मुंबई अशी फेरी करून त्यांनीं सुमारें ७०० गीतें मुद्रित केलीं. जर्मनींत त्यांच्या तबकड्या होऊन १९०८ पर्यंत त्या येथें विक्रीस आल्या. दुसरा कालखंड १९३२ ते १९३८ चा. मुंबई व मद्रास येथील दोन कचेऱ्यांमार्फत या काळांत उत्तरेच्या व दक्षिणेच्या संगीताचीं २,००० हून अधिक गीतें या छापेखालीं प्रसिद्ध झालीं. नांव एकच, परंतु मध्यें मोठा खंड. नोंदींत हे दोन कालखंड वेगळे दाखविले नाहींत, तर १९०७ चा गायक आणि १९३५ चा गायक एकाच पिढीचे भासतात.

आतां मालकीचा गुंता पाहावा. १९२६ सालीं इंग्लंडच्या कोलंबिया कंपनीनें ओडियनची मालक असलेली लिंडश्ट्रोम कंपनी आपल्या ताब्यांत घेतली, आणि १९३१ सालीं कोलंबिया व ग्रामोफोन कंपनी एकत्र होऊन 'ई. एम. आय.' ही संस्था झाली. दुकानांत कुत्रा, कोलंबिया व ओडियन या एकमेकींच्या सवती वाटत. घर मात्र एकच होतें. किराना घराण्याचे खांसाहेब अब्दुल करीम खां यांचा निवास मिरजेस असे. त्यांचें उतारवयांतील गायन ओडियनच्या तबकड्यांवर निघालें, आणि त्यांपैकीं कित्येक ध्वनिमुद्रणें पुढें कोलंबियाच्या चकतीखालीं पुन्हा आलीं. खांसाहेब १९३७ सालीं निवर्तले. मागाहून निघालेल्या तबकडीचें साल हेंच गाण्याचें साल म्हणून धरलें, तर दिवंगत गायकाला पुन्हा गावयास बसविल्यासारखें होतें; आणि छापा दोन म्हणून गायनेंही दोन मानलीं, तर एकाच ठुमरीच्या दोन ठुमऱ्या होतात. याच्या उलट प्रकारही आहे. अमेरिकेंतील कोलंबिया १९३१ नंतर या घरांत राहिली नाहीं. १९३८ सालीं ती तेथील कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिमनें विकत घेतली. म्हणजे येथें नांव एक आणि घरें दोन.

स्वदेशी छापेचें ठळक उदाहरण 'यंग इंडिया'चें. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीनें १९३५ ते १९५५ या काळांत सुमारें ५,००० तबकड्यांवर १०,००० हून अधिक गीतें काढलीं. त्यांत नवख्या व हौशी गायकांसही स्थान मिळालें. कंपनी बंद पडल्यावर त्यांतील बहुतेक गाणीं पुन्हा निघालीं नाहींत. अशा गायकाचें नांव चरित्रकोशांत सांपडत नाहीं. तें चकतीवर असतें, आणि तबकडी फुटली म्हणजे तेंही जातें. १९९० सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेच्या सभासदांनीं अशा तबकड्या जुन्या बाजारांतून गोळा केल्या व त्यांच्या याद्या केल्या. यंग इंडिया व ओडियन या दोन्ही छापांच्या जतनाच्या कामास लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीच्या संकटग्रस्त दप्तरांच्या योजनेचें साह्य लाभलें.

एका संग्राहकाची यादी त्याच्या कपाटापुरती असते. अनेकांच्या याद्या जुळवाव्या, या हेतूनें सामायिक नोंदवह्या निर्माण झाल्या. रॉबर्ट के यांनीं २००० सालीं सुरू केलेली 'म्युझिकब्रेन्झ' ही संगणकावरील नोंदवही त्यांपैकीं एक. तींत कोणासही नोंद करतां येते. परंतु दुरुस्ती सुचविली म्हणजे ती इतर नोंदकारांपुढें साधारणतः सात दिवस मतासाठीं राहते. प्रत्येक छापेस ३६ चिन्हांचा एक स्वतंत्र क्रमांक दिला जातो, त्यामुळें नांव सारखें असलें तरी दोन छापांची गल्लत होत नाहीं. शिवाय 'अमुक देशाची', 'अमुक काळची' असा खुलाशाचा शब्द जोडतां येतो. छाप, उत्पादक, पुन्हा प्रसिद्ध करणारा, वितरक हे प्रकार निराळे मानलेले आहेत. मातृसंस्था कोणती, मालकी कोणाकडे व केव्हां गेली, नांव कधीं बदललें, हें परस्परसंबंधाच्या रूपानें लिहावयाचें असतें. वंशावळींत जसा मुलगा बापाच्या नांवाखालीं लिहितात, पण मुलाच्या जागीं बापाचें नांव लिहीत नाहींत, तसाच हा प्रकार.

छापेच्या जोडीला क्रमांक येतो. चकतीवर छापलेला अनुक्रमांक हा विक्रीचा. तो छापेशीं बांधलेला असून त्याच्या आरंभींचीं अक्षरें गाळूं नयेत, कारण मालिका त्यांवरूनच कळते. दुसरा क्रमांक गाण्याच्या रेषा संपतात तेथें, लाखेंतच उमटविलेला असतो. तो मूळ सांच्याचा होय. छाप व विक्रीचा क्रमांक बदलूनही सांच्याचा क्रमांक तोच राहिला, तर गायन तेंच असल्याचा तो बळकट पुरावा. खांसाहेबांच्या दोन तबकड्यांचें कोडें सुटतें तें याच क्रमांकानें. अक्षरांविषयींही एक पथ्य आहे. मराठींत कोणी 'ओडियन' लिहितो, कोणी 'ओडिऑन'. मुख्य नोंद चकतीवर छापल्याप्रमाणें करावी आणि इतर रूपें पर्यायी नांवें म्हणून जोडावीं. म्हणजे कोणत्याही रूपानें शोधणारास तीच नोंद सांपडते.

हें काम मोठ्या शहरांतच होतें असें नाहीं. डहाणू तालुक्यांतील वरोरसारख्या समुद्रकांठच्या गांवीं खारी, दमट हवा प्रथम कागदाला खाते. चकतीवर बुरशी चढते, अक्षरें पुसट होतात, तबकडी मात्र वाजत राहते. मग आवाज आहे, पण तो कोणाचा व कोणत्या छापेवरचा, हें सांगतां येत नाहीं. अशी पेटी कोणाच्या घरीं माळ्यावर असेल, तर त्यानें चकतीस पाणी लावूं नये. तिरप्या उजेडांत धरून दोन्ही बाजूंचीं अक्षरें जशींच्या तशीं उतरून घ्यावीं, लाखेंतील क्रमांक वाचावा आणि छायाचित्र काढून ठेवावें. जें वाचतां येत नाहीं तेथें तर्कानें भर घालूं नये, जागा मोकळी सोडावी. दुसऱ्या कोणाच्या संग्रहांत त्याच तबकडीची धड प्रत असल्यास ती जागा तो भरून काढील. चुकीनें भरलेली जागा मात्र दुरुस्त करावयाची आहे, हें कोणास कळतही नाहीं.