ठसका आणि विसर

पाणी पिताना ठसका लागला की आपण म्हणतो, कुणीतरी आठवण काढली! खरं तर घास उतरताना श्वासनलिकेवर झाकण पडतं. ते क्षणभर चुकलं की ठसका. हे झाकण लावण्याचा हुकूम मेंदूचा. स्मृतिभ्रंशात आधी नावं, रस्ते हरवतात. पुढे हा हुकूमही उशिरा निघतो. अन्नाचे कण, लाळ फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. अनेकदा शेवटी तोच गाठतो. म्हणजे स्मृतिभ्रंश हा नुसता ‘म्हातारचळ’ नव्हे, जीव घेणारा आजार आहे. पासष्टीनंतर अल्झायमरचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या एका प्रकाराचं, निदान झालेले रुग्ण सरासरी ४ ते ८ वर्षं जगतात. काही जण २० वर्षंही काढतात. घरात असे आजोबा असतील तर भरवताना त्यांना ताठ बसवा, घास लहान घ्या, घाई करू नका.