झाडे गाव बदलतात

बांबवड्याहून मलकापूरमार्गे आंबा घाटाकडे निघालो, की पाऊस वाढत जातो. रानही बदलते. कोरड्या माळावर बाभूळ, बोर दिसते. घाटमाथ्यावर दाट झाडी लागते. असे का? प्रत्येक झाडाला आपापले ऊन, पाऊस आणि माती लागते. ती मिळेल तिथेच ते तगते.

गेल्या दीडशे वर्षांत पृथ्वीची हवा सरासरी 1 अंशाहून जास्त तापली आहे. डोंगर हजार मीटर चढले, की हवा सुमारे 6 अंश गार होते. म्हणून गारव्यातली झाडे हळूहळू वर सरकू लागतात. झाड चालत नाही. त्याचे बी जाते. जांभळाचे बी पाखरे नेतात.

शास्त्रज्ञ याचा अंदाज बांधतात. झाड कुठे कुठे आहे, तिथे ऊन-पाऊस किती, हे ते संगणकाला देतात. पुढे हवा बदलली तर ते झाड कुठे तगेल, हे संगणक नकाशावर दाखवतो. पण हा अंदाजच. मधले रान तुटले, तर बी तिथे पोचणार कसे? आणि डोंगराला शेंडा असतो. माथ्यावरच्या झाडाने आणखी वर कुठे जावे?

हिरडा, शिकेकाई विकून आपल्या घरात चार पैसे येतात. म्हणून आम्ही म्हणतो, बी धरणारी झाडे राखा. वणवा लावू नका. देवराई, ओढ्याकाठची झाडी तोडू नका. बियांची वाट तीच आहे.