कात्रीची भीती

आम्ही दोघी जावा. सासर दोघींचं सांगलीत, थोरलीचं माहेर साताऱ्यात. घरात सासूबाईंची काळी पायमशीन होती, पण त्यांच्यामागे तिच्यावर फक्त उशांचे अभ्रे शिवले जायचे. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी घरात शिरलं आणि मशीन पाण्याखाली गेली. पूर ओसरल्यावर कारागिराने गाळ धुतला, रॉकेल आणि मशीनचं तेल घातलं, फुगलेलं टेबल बदललं. जाताना म्हणाला, "भाभी, चालवत राहा, नाहीतर पुन्हा गंजेल."

शिकायचं निमित्त हे. खरं कारण मात्र ज्या घरात बायका आहेत त्या प्रत्येक घराला माहीत आहे. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात शिंप्याकडे हेलपाटे, चाँदरातीला हातात पडणारा अर्धामुर्धा कुर्ता आणि परक्या माणसाला अंगाचं माप देण्याचा संकोच. माप द्यायला नको म्हणून आम्ही जुना कुर्ता पाठवायचो. मग नवा कुर्ता जुन्याच्या सगळ्या चुका घेऊन यायचा!

मशीन आठ दिवसांत हाताला आली. आधी वहीच्या कागदावर, दोरा न ओवता, रेघेवरून सुई चालवली. मग जुन्या चादरीवर. टाका खालून गुंतायला लागला की बॉबिनला दोष द्यायचा नाही, आधी वरचा दोरा काढून पुन्हा ओवायचा. बहुतेक वेळा तिथेच चूक असते. साध्या सुती कपड्याला 14 नंबरची सुई चालते आणि बोथट झालेली सुई बदलायला कंजुषी करू नये.

अडलं ते कात्रीपाशी. अडीच मीटर नवा कपडा घेतला, जुना कुर्ता वर ठेवून मुंढा कापला आणि माया ठेवायलाच विसरलो. शिवण घातल्यावर बाही खांद्यात अडकली. कापलेला कपडा काही परत जुळत नाही. त्यानंतर सहा महिने आम्ही नव्या कपड्याला कात्री लावली नाही.

पुढच्या सुट्टीत साताऱ्याला थोरलीच्या खालाकडे गेलो. तो फसलेला कुर्ता त्यांना दाखवला. त्यांनी विचारलं, "बेटा, पहिल्याच कुर्त्याला मुंढा कापायला सांगितला कुणी?" आणि ट्रंकेतून एक जुना कळीदार कुर्ता काढला. त्यात मुंढ्याची गोलाई नव्हतीच. मधला भाग म्हणजे खांद्याएवढा रुंद, पुढून मागे जाणारा एक लांब सरळ पट्टा. खांद्यावर शिवण नाही. बाही म्हणजे सरळ तुकडा, पट्ट्याच्या कडेला तशीच जोडलेली. बाहीखाली दोन्ही बाजूंना कळ्या. लांबट तुकडा कर्णावर कापला की दोन कळ्या निघतात, चिंधीसुद्धा उरत नाही. आणि काखेत चार बोटांचा चौकोन, चौबगला. हात वर केला की कपडा ताणला जाऊ नये म्हणून तो लावायचा. सगळ्या कापात गोलाई एकच, गळ्याची.

आमच्या मते नवशिक्या बाईने सुरुवात इथूनच करावी. शिवणवर्गात पहिल्या महिन्यात ब्लाऊज शिकवतात. तो अंगाला घट्ट बसावा लागतो आणि पाव इंचाची चूकही दिसते. आपला कुर्ता सैल असतो, तो चूक पोटात घेतो. छातीच्या मापावर निदान सहा इंच सैल ठेवा आणि प्रत्येक शिवणीला अर्धा इंच माया. पहिला कुर्ता लहान मुलाचा असावा, तोही मांजरपाटाचा. सांगलीपासून इचलकरंजी फार लांब नाही. 1904 साली तिथे पहिला यंत्रमाग आला आणि आज ते मागांचंच शहर आहे. आपल्या जिल्ह्यात विट्यालाही माग आहेत. सरावासाठी महागाचा कपडा लागत नाही.

एक गोष्ट मात्र टाळू नका. सुती कपडा कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करा. तो आधी आटू द्यावा. नाहीतर पहिल्या धुण्यात कुर्ता धाकट्या बहिणीचा होतो. कापताना कपड्याची किनार आणि कुर्त्याची उंची एकाच दिशेला ठेवा.

धाकटीचा मुलगा मशीनजवळ घुटमळायचा. पाहुणे हसले, "पोराला शिंपी करणार का?" हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलं आहे की पैगंबर (स.) घरी स्वतःचे कपडे शिवत, चपला दुरुस्त करत. आता तो शाळेच्या शर्टाची बटणं स्वतः लावतो.

घरापुरतं शिकायला वर्ग लागतोच असं नाही. ज्यांना यावर चार पैसे कमवायचे आहेत त्यांच्यासाठी आयटीआयमध्ये शिवणकामाचा वर्षाचा अभ्यासक्रम असतो. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने तर बायकांसाठी बसमध्येच फिरती शाळा काढली. 2023 ची पीएम विश्वकर्मा योजना शिंपीकामालाही आहे. प्रशिक्षणात रोज 500 रुपये भत्ता आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. पण ती हा धंदा आधीपासून करणाऱ्यांसाठी आहे आणि एका कुटुंबातून एकालाच. परवा मशीन घेतली आणि आज अर्ज भरला, असं तिथे चालत नाही.

गेल्या ईदला घरातल्या मुलांचे कुर्ते आमच्या मशीनवर झाले. ते खालांना दाखवायला साताऱ्याला नेले. त्यांनी वरून पाहिलेच नाहीत. एकेक कुर्ता उलटा करून खिडकीपाशी धरला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. तिसऱ्या कुर्त्यापाशी थांबल्या. डावा चौबगला उलट्या बाजूने लागला होता. त्यांनी चष्मा पुसला, ब्लेड पुढे केलं आणि म्हणाल्या, "चहा होईपर्यंत उसवून घ्या." चहा दोनदा झाला, तेव्हा कुठे तो निघाला.