एका सेंटिमीटरला एक वर्ष

जुलै 1629. देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशहाच्या दरबारात, सिंदखेडचे लखुजीराव जाधव आपल्या मुलांसह मारले गेले. त्यानंतर सातच महिन्यांनी, 19 फेब्रुवारी 1630 रोजी, शिवनेरीवर त्यांच्या लेकीला मुलगा झाला. शिवाजी महाराज पोटात असताना जिजाबाईंचं माहेर असं उद्ध्वस्त झालं होतं. या दोन घटना आपल्याला सुट्या सुट्या माहीत असतात. त्या एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत हे ध्यानात आलं की अंगावर काटा येतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या चौथीच्या मुलांना हा काटा यायला हवा, कारण शिवचरित्रातलं ते माहेर त्यांच्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजाला आहे. लखुजीरावांचा वाडा आहे, त्यांची भव्य समाधी आहे. तरीही नऊ वर्षांच्या मुलाला 1630 म्हणजे एक चार आकडी संख्या. ती त्याला वजाबाकीत चालते, काळात नाही.

अमेरिकेतले कीथ बार्टन आणि लिंडा लेव्हस्टिक यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांपुढे वेगवेगळ्या काळांची चित्रं ठेवली. अगदी धाकटी मुलंही कपडे, घरं, वाहनं पाहून आधीचं कोणतं, नंतरचं कोणतं हे लावू शकत होती. सनावळ्यांनी मात्र त्यांना फारसा बोध होत नव्हता. म्हणजे काळाची जाण मुलांत असते, फक्त आकड्याशी तिची गाठ पडलेली नसते. ती बांधून देणं हेच प्राथमिक शाळेतल्या इतिहासाचं खरं काम आहे, असं मला वाटतं.

त्यासाठी सुतळी पुरते. शाळेच्या पटांगणात ती ताणायची आणि ठरवायचं: एक सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष. चौथीतलं मूल नऊ सेंटिमीटरचं, जेमतेम चार-पाच बोटं. आजी पासष्टची असेल तर पासष्ट सेंटिमीटर. जिजाबाईंचा जन्म 1598 चा मानतात. तिथली गाठ सव्वाचार मीटरांच्या जरा पुढे पडते. म्हणजे वर्गाच्या एका भिंतीतच मावली! आणि लखुजीरावांचा मृत्यू व शिवजन्म? दोन गाठींत अर्ध्या सेंटिमीटरहून किंचित जास्त अंतर. मुलाच्या करंगळीखाली दोन्ही झाकल्या जातात. पाठ करून जे कधीच कळलं नसतं, ते बोटाला कळतं.

सुतळी आडवी धावते, पण काळ उभाही साठतो. 2024 साली लखुजीरावांच्या समाधीच्या परिसरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं जतनाचं काम चालू असताना काही दगड दिसले. खणल्यावर शिवमंदिराचा पाया लागला, आणि आणखी खाली, सुमारे सव्वादोन मीटरांवर, शेषशायी विष्णूची जवळपास पावणेदोन मीटर लांबीची मूर्ती. ज्या जमिनीवरून सहली चालत गेल्या, तिच्याच पोटात ती होती! माती हलवली गेली नसेल तर खालचा थर वरच्याच्या आधीचा, हा पुरातत्त्वाचा पहिला धडा मुलांना इथे पुस्तकाशिवाय मिळतो.

आता याच जिल्ह्यातलं लोणार. दैत्यसूदनाचं देऊळ आठ-नऊशे वर्षांपूर्वीचं, म्हणजे सुतळीवर आठ-नऊ मीटर. ते पटांगणात बसतं. अशनीच्या आघाताने पडलेल्या विवरातलं सरोवर बसत नाही. ज्या काळ्या दगडावर अशनी आदळला, तो लाव्हा थिजून बनलेला बसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांचा. त्याची सुतळी 660 किलोमीटर लांब होते. लोणारहून पश्चिमेला सोडली तर मुंबई ओलांडून ती अरबी समुद्रात जाईल.

आणि खुद्द विवराची? इथे शास्त्रज्ञांचीच दोन उत्तरं आहेत, आणि ती दोन्ही मुलांपुढे ठेवावीत. आघाताने वितळून तयार झालेल्या काचेने नंतर साठवलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपात मोजली, तेव्हा वय सुमारे 52,000 वर्षं आलं; सुतळी अर्ध्या किलोमीटरच्या थोडी पुढे. पुढे खडकातल्या आर्गॉन वायूवरून मोजलं तर सुमारे 5,70,000 वर्षं, म्हणजे 5.7 किलोमीटर. विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आहे. चौथीच्या मुलांना परिघाचं सूत्र येत नाही, पण वरच्या वर्गातलं कुणी करून दाखवेल: ही सुतळी विवराच्या काठाभोवती जवळजवळ बरोबर एक फेरा घेते!

कुणीतरी विचारेलच, मग पहिलं मोजणारे चुकले का? तेव्हा घाईने हो किंवा नाही म्हणू नये. दोघांनी काय मोजलं, कशाने मोजलं, हे सांगायला बसावं. तास संपला तरी चालेल.