मेलेल्या माकडाचे दप्तर

१९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्यातील क्यासनूरच्या अरण्यात माकडे मरू लागली आणि भोवतालची माणसे तापाने फणफणली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी जो विषाणू हुडकून काढला, त्याची वाहक गोचीड आहे हे सिद्ध होण्यास पालापाचोळ्यावरून फडके ओढीत गोचिडी वेचणे आणि प्रत्येक कुपीवर स्थळ-तारीख बिनचूक नोंदणे हे कंटाळवाणे काम अपरिहार्य होते. चिठ्ठी गळालेली कुपी, माझ्या मते, रिकाम्या कुपीहून वाईट. रिकामी निदान दिशाभूल करीत नाही. माकड मरताच त्याच्या अंगावरील गोचिडी खाली उतरतात, म्हणून त्या मृत्यूची नोंद दप्तरी वेळेवर रुजू होणे अगत्याचे. हाच माकडताप २०१६ साली सिंधुदुर्गात आढळला. वाचकहो, रानात मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता वनखात्यास वर्दी द्यावी.