राणी दिद्दा : कर्तृत्व आणि अपकीर्ती

दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात काश्मीरच्या राज्यकारभारावर जवळजवळ अर्धशतक एका स्त्रीचा प्रभाव होता. प्रथम राजाची राणी, नंतर अल्पवयीन राजाची पालक आणि अखेरीस स्वतःच्या नावाने राज्य करणारी सत्ताधीश अशा तीन नात्यांनी तिने हा कारभार पाहिला. तिचे नाव दिद्दा. इतका दीर्घ काळ सत्ता टिकवून धरणारी व्यक्ती त्या शतकातील काश्मीरमध्ये दुसरी आढळत नाही. तथापि लोकस्मृतीत दिद्देचे जे चित्र उरले आहे, ते क्रूर, चेटूक करणाऱ्या व स्वतःच्या नातवंडांच्या जिवावर उठलेल्या बाईचे आहे. हे चित्र कोठून आले आणि त्यातील कितपत ग्राह्य धरावे, याचा विचार करणे उद्बोधक ठरेल.

माहेर आणि सासर

दिद्दा ही लोहरचा राजा सिंहराज याची कन्या. लोहर हे छोटे राज्य पीरपंजाल पर्वताच्या दक्षिणेस, आजच्या पुंछच्या परिसरात होते. तिच्या आईचे वडील भीम शाही हे सिंधुकाठच्या उदभांडपूर येथून राज्य करणाऱ्या बलाढ्य शाही घराण्यातील राजे होते. या आजोबांनी काश्मीरमध्ये भीमकेशव नावाचे विष्णुमंदिर बांधले, यावरून नातीच्या सासरी त्यांचे वजन किती होते, याची कल्पना येते. दिद्दा एका पायाने अधू होती. तिला पाठीवरून वाहून नेण्यासाठी वल्गा नावाची सेविका असे. पुढे त्या सेविकेच्या नावाचा वल्गामठही उभा राहिला.

तिचा विवाह काश्मीरचा राजा क्षेमगुप्त याच्याशी झाला. त्याची कारकीर्द इ. स. 950 ते 958 अशी अवघ्या आठ वर्षांची. तो विलासी व शिकारीच्या नादी लागलेला होता. राणीचा त्याच्यावरील प्रभाव एवढा होता की, लोक त्याला ‘दिद्दाक्षेम’ असे उपहासाने म्हणू लागले. ही केवळ बाजारगप्प नव्हती. क्षेमगुप्ताच्या नाण्यांवर त्याच्या नावाआधी ‘दि’ हे अक्षर कोरलेले आढळते. ते दिद्देच्या नावाचे आद्याक्षर होय, असे नाणकशास्त्रज्ञ मानतात. राजाच्या नाण्यावर त्याच्या हयातीत राणीच्या नावाची खूण उमटावी, ही असाधारण गोष्ट आहे.

विस्कळित राज्य

दिद्देने जे राज्य हाती घेतले, त्याची पूर्वस्थिती ध्यानात घेतल्याखेरीज तिच्या कृत्यांचा अर्थ लागत नाही. इ. स. 902 मध्ये गोपालवर्मा गादीवर आला, तेव्हापासून काश्मीरमध्ये राजे करणे आणि राजे उतरवणे हा जणू एक व्यवसायच झाला होता. ‘तंत्री’ नावाचे पायदळ, ‘एकांग’ हे शरीररक्षक सैनिक, ‘डामर’ म्हणजे सशस्त्र जमीनदार आणि दरबारातील मंत्री हे सारे आपापल्या सोयीचा राजा गादीवर बसवीत. उन्मत्तावंती या राजाने आपल्या बापास ठार करविले आणि भावांना उपाशी मारले. खुद्द क्षेमगुप्ताचा पिता पर्वगुप्त हा इ. स. 949 मध्ये बालराजा संग्रामदेव याला ठार करून गादीवर आला होता. दिद्देचे सासर ते हे.

वैधव्य आणि राज्यरक्षण

इ. स. 958 मध्ये क्षेमगुप्त आजारपणात मरण पावला. मुलगा अभिमन्यू अजून लहान होता. प्रथेप्रमाणे राणी सती जाण्यास निघाली. मुख्य मंत्री फल्गुण याने त्यास तत्काळ संमती दिली. या फल्गुणाची कन्या चंद्रलेखा हीही क्षेमगुप्ताची राणी होती, त्यामुळे दिद्दा आणि फल्गुण यांच्यात पूर्वीपासून वितुष्ट होते. परंतु नरवाहन नावाच्या मंत्र्याने दिद्देचे मन वळवून तिला चितेपासून परत फिरविले. त्या एका निर्णयाने काश्मीरच्या पुढील पन्नास वर्षांचा इतिहास बदलला.

संकटे लगेच सुरू झाली. महिमन् व पाटल हे पर्वगुप्ताच्या मुलींचे मुलगे. त्यांनी गादीसाठी बंड केले आणि ललितादित्यपूरच्या ब्राह्मणांसह अनेक मातब्बर मंडळी त्यांना जाऊन मिळाली. राणीने अल्पवयीन राजाला सुरक्षित मठात हलविले आणि ब्राह्मणांना सुवर्ण देऊन बंडखोरांची फळी फोडली. पुढे यशोधर आदी सरदारांनी पुन्हा उठाव केला व राजवाड्यावर चाल केली, तेव्हाही ती डगमगली नाही. नरवाहन तिच्या बाजूने ठाम उभा राहिला. उठाव मोडल्यावर मात्र तिने बंडखोरांना क्षमा केली नाही. एरमत्तक नावाच्या पुढाऱ्यास गळ्यात धोंडा बांधून वितस्तेत बुडविण्यात आले. दुर्दैवाची गोष्ट अशी की, ज्या नरवाहनाने राणीला व राज्याला तारले, त्याच्याविषयी चुगलखोरांनी तिच्या मनात विष कालविले आणि अपमानित झालेल्या नरवाहनाने आत्महत्या केली. दिद्देच्या कारकिर्दीवरील हा डाग पुसता येण्यासारखा नाही.

पुत्रशोक आणि नातवंडांचे मृत्यू

इ. स. 972 मध्ये अभिमन्यू मरण पावला. त्यानंतर काही काळ राणी दानधर्म व बांधकामे यांत गढून गेली. मुलाच्या स्मरणार्थ तिने अभिमन्युपूर वसविले व अभिमन्युस्वामीचे मंदिर उभारले; स्वतःच्या नावाने दिद्दापूर व दिद्दास्वामी, पतीच्या स्मरणार्थ कंकणपूर आणि पित्याच्या नावाने सिंहस्वामी अशी पुण्यकर्मे केली. मध्यदेश, लाट इत्यादी दूरच्या प्रांतांतून येणाऱ्या लोकांसाठी तिने मठ बांधला आणि विहारालाही आश्रय दिला. तिने एकूण चौसष्ट प्रतिष्ठापना केल्याचे सांगितले जाते. श्रीनगरातील दिद्दमर ही वस्ती तिच्या दिद्दामठाचे नाव आजही सांगते.

यापुढील भाग काळाकुट्ट आहे. अभिमन्यूचा मुलगा नंदिगुप्त 973 मध्ये, त्रिभुवन 975 मध्ये आणि भीमगुप्त 980 च्या सुमारास मरण पावला. तिघेही लहान होते आणि तिघेही एकामागून एक गादीवर बसले होते. पहिल्या दोघांना आजीने जारणमारण करून मारले आणि तिसऱ्यास बंदीत घालून छळाने मारले, असा आरोप आहे. त्यानंतर ती स्वतः सिंहासनावर बसली. तिच्या नाण्यांवर ‘श्री दिद्दा’ अशी अक्षरे आहेत; नाण्याचा घाट मात्र पूर्वीच्या राजांच्या नाण्यांचाच, एका बाजूस बसलेली देवी आणि दुसऱ्या बाजूस उभा राजा असा आहे.

याच काळात तुंग याचा उदय झाला. पर्णोत्साकडील एका खेड्यात म्हशी राखणारा हा तरुण भावांसह काश्मीरमध्ये आला, पत्रे पोचविण्याच्या कामावर लागला आणि राणीच्या मर्जीने सर्वाधिकारी झाला. राणीच्या व त्याच्या संबंधांवरून बराच लोकापवाद उठला. दिद्देचा पुतण्या विग्रहराज याने ब्राह्मणांना प्रायोपवेशनास, म्हणजे आमरण उपोषणास, बसवून तुंगाला घालविण्याचा प्रयत्न केला, पण तो फसला. तुंगाने राजपुरीच्या बंडखोर राजाचाही बंदोबस्त केला.

एकाच ग्रंथाची साक्ष

वर दिलेली बहुतेक सर्व हकिकत एकाच ग्रंथातून येते. तो ग्रंथ म्हणजे कल्हणाची ‘राजतरंगिणी’. कल्हणाने ती इ. स. 1148 मध्ये लिहावयास घेतली व पुढील एक-दोन वर्षांत पुरी केली. दिद्दा 1003 मध्ये वारली होती, म्हणजे मध्ये जवळपास दीडशे वर्षे गेली होती. या ग्रंथाच्या आधुनिक अभ्यासात मुंबईचा वाटा मोठा आहे. एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन केलेले जर्मन पंडित ब्यूलर यांनी 1875 मध्ये काश्मीरमध्ये हस्तलिखितांचा शोध घेतला. ऑरेल स्टाइन यांची संहिता 1892 मध्ये मुंबईतच छापली गेली. पुढे रणजित सीताराम पंडित या मूळच्या कोकणातील घराण्यात जन्मलेल्या विद्वानाने केलेले इंग्रजी भाषांतर 1935 मध्ये प्रसिद्ध झाले.

कल्हण हा साधा भाट नव्हता. त्याने जुने ग्रंथ, दानपत्रे व शिलालेख पाहिले होते आणि इतिहासकाराने रागलोभ सोडून लिहावे, अशी त्याची भूमिका होती. शिवाय त्याच्या काळी गादीवर असलेला राजा जयसिंह हा दिद्देच्या माहेरच्या लोहर घराण्यातलाच होता. तेव्हा राजाला खूष करण्यासाठी त्याने दिद्देची निंदा केली, असे म्हणता येत नाही. म्हणूनच त्याची साक्ष टाकून देता येत नाही. पण ती जशीच्या तशी स्वीकारताही येत नाही. तिच्यात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळल्या आहेत.

पहिली गोष्ट घटनांची. राजांची नावे, वर्षे, बंडे, मंदिरे, मठ यांचा वृत्तांत बराचसा विश्वसनीय आहे. नाण्यांची साक्षही काही बाबतींत त्यास दुजोरा देते. दुसरी गोष्ट आरोपांची. जारणमारणाने कोणी मरत नाही, हे आज शाळकरी मुलासही ठाऊक आहे. तेव्हा पहिल्या दोन नातवंडांच्या बाबतीत आपल्या हाती उरतो तो अल्पवयात आलेला मृत्यू आणि त्यावरचा संशय. भीमगुप्ताच्या बंदिवासाचा आरोप अधिक ठोस व अधिक गंभीर आहे. त्यातून राणीची सुटका करणे कठीण आहे. तिसरी गोष्ट मतांची. दिद्देच्या दुष्कृत्यांचे वर्णन करता करता कल्हण एकंदर स्त्रीस्वभावावरच घसरतो. उन्मत्तावंती किंवा पर्वगुप्त यांनाही तो सोडीत नाही. त्यांच्या पापांची तो कठोर निंदा करतो. फरक एवढाच की, तेथे दोष त्या त्या राजाचा असतो, पुरुषजातीचा नसतो. दिद्देच्या बाबतीत मात्र एका बाईचा दोष साऱ्या स्त्रीजातीच्या माथी मारला जातो.

विशेष म्हणजे याच कल्हणाने दिद्देच्या कर्तृत्वाची कबुलीही दिली आहे. ज्या मंत्र्यांनी साठ वर्षांत सोळा राजांचे धन, मान व प्राण हिरावून घेतले, त्या मंत्र्यांचा दिद्देने थोड्याच अवधीत निःपात केला, असे तो नमूद करतो. अधू पायाच्या या राणीने शत्रुसैन्यावर केलेली मात सांगताना तर तो समुद्र ओलांडणाऱ्या हनुमंताची उपमा देतो. निंदकाच्या तोंडून आलेली ही स्तुती दिद्देच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा होय.

उत्तराधिकाराचा निर्णय

दिद्देच्या अखेरच्या राजकीय निर्णयाची कथा प्रसिद्ध आहे. तिने भावांच्या मुलांपुढे फळांचा ढीग ओतला आणि कोण जास्त फळे गोळा करतो, ते पाहिले. इतर मुले झोंबाझोंबी करून जखमी झाली. संग्रामराज याने मात्र त्यांना आपसांत झुंजवून, स्वतः खरचटल्याशिवाय सर्वांत अधिक फळे मिळविली. तिने त्यालाच युवराज केले. कथेचा अलंकार बाजूला ठेवला, तरी निष्पन्न झालेली गोष्ट महत्त्वाची आहे. 1003 मध्ये दिद्देच्या मृत्यूनंतर राजवंश बदलला, पण त्यासाठी काश्मीरमध्ये युद्ध झाले नाही. मागच्या शतकातील रक्तपात पाहता ही सामान्य घटना नव्हे. महमूद गझनवीने संग्रामराजाच्या काळात दोनदा काश्मीरवर चाल केली, परंतु दोन्ही वेळा लोहरच्या किल्ल्यापाशी त्याला अडून राहावे लागले व अखेर परतावे लागले. त्याचे श्रेय डोंगर, हिमवर्षाव आणि किल्ल्याची बळकटी यांस द्यावे लागेल. पण दिद्देच्या निर्णयामुळे माहेर व सासर या दोन्ही राज्यांवर एकाच घराण्यातील राजे आले आणि तो किल्ला काश्मीरचे दक्षिणद्वार म्हणून उपयोगी पडला, हेही विसरता येत नाही.

निष्कर्ष

दिद्दा साध्वी नव्हती आणि चेटकीणही नव्हती. आपल्या काळातील राजांनी सत्तेसाठी जे मार्ग चोखाळले, तेच तिने चोखाळले. त्यांच्याहून ती अधिक कुशलतेने व अधिक काळ टिकली. तिच्या हातून घडलेल्या क्रौर्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. मात्र एकाच कृत्यासाठी पुरुषाला ‘महत्त्वाकांक्षी’ व स्त्रीला ‘चेटकीण’ म्हणण्याचा प्रघात इतिहासाच्या पुस्तकातून निघून चावडीवरच्या बोलण्यापर्यंत पोचतो, हे ध्यानात ठेवावयास हवे. महाराष्ट्रात 2011 पासून पंचायत संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. सरपंच म्हणून काम करणाऱ्या स्त्रीविषयी गावात जे बोलले जाते, त्यातील तिच्या कामाची वस्तुस्थिती कोणती, ऐकीव आरोप कोणता आणि ती स्त्री आहे म्हणून दिलेला शेरा कोणता, हे वेगळे करून पाहण्याची सवय अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने, वर्गात इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकाने आणि ग्रामसभेत बसणाऱ्या सदस्याने लावून घेतली, तर दिद्देच्या चरित्राचा अभ्यास सार्थकी लागेल.